ग्रुप अॅडमिनने किती कडक राहावं: मेसेज काढायचा, माणूस काढायचा की फोन करायचा?

महिन्यातून दोन-तीनदा तरी मला कुठल्यातरी व्हॉट्सअॅप ग्रुपच्या अॅडमिनचा फोन येतो. प्रश्न ठरलेला असतो, "अमक्याला काढून टाकू का?" मी विचारतो, त्याला आधी काय सांगितलं होतं? बहुतेक वेळा काहीच सांगितलेलं नसतं. सहा महिने ग्रुपवर राजकारण, लिंका, टोमणे, शिव्या सगळं चालू असतं आणि अॅडमिन गप्प असतो. मग एका रात्री डोकं फिरतं आणि आठ जण एकदम बाहेर जातात. सकाळी दूध घालायला गेलं की डेअरीवर तेच आठ जण उभे असतात.

पलूस तालुक्यातल्या आमच्या द्राक्ष आणि ऊस उत्पादकांचा ग्रुप मी 2018 पासून सांभाळतो. आज साडेसहाशे माणसं आहेत: बागायतदार, औषध दुकानदार, काही व्यापारी, पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली गावची पोरं. ढिलेपणाची आणि कडकपणाची, दोन्ही चुका माझ्या हातून झाल्या आहेत. खालची पद्धत त्यातूनच बसली. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. नियम आधी आणि कारवाई नंतर, हा क्रम उलटला तर तुम्ही कितीही बरोबर असलात तरी लोकांना ते वैर काढल्यासारखंच दिसतं.

टप्पा 1: ग्रुप कशासाठी, ते एका वाक्यात लिहा

"शेतकऱ्यांचा ग्रुप" एवढं पुरत नाही. आमचं वाक्य असं आहे: "द्राक्ष आणि ऊस पिकाची माहिती, बाजारभाव, आणि कृष्णेच्या पुराची खात्रीची सूचना." हे ग्रुपच्या वर्णनात टाकलं आहे. एखादा मेसेज बसतो का, हे या वाक्याला लावून बघता येतं. वाढदिवस बसत नाही. दुःखद निधनाची बातमी खरं तर बसत नाही, पण ती आम्ही ठेवतो. गावाकडच्या ग्रुपवर ती अडवणं बरं नव्हे.

तपासणी: वाक्य वाचून नव्या माणसाला "इथं काय टाकायचं नाही" हे आपोआप कळतं का? कळत नसेल तर वाक्य अजून मोघम आहे.

टप्पा 2: अॅडमिन तीन, आणि तिघे तीन ठिकाणचे

एकटा अॅडमिन थकतो आणि थकलेला माणूस चिडून निर्णय घेतो. दहा अॅडमिन असले तर जबाबदारी कुणाचीच राहत नाही. तीन पुरतात. ते एकाच भावकीतले, एकाच पक्षाचे किंवा एकाच वस्तीवरचे नकोत. औषध दुकानदाराला अॅडमिन करू नका, माणूस कितीही चांगला असला तरी. समोरच्या दुकानाची जाहिरात त्याने काढली, की ती नियमाने काढली यावर कोण विश्वास ठेवणार?

एक नियम आम्ही तिघांनी आपसात केला आहे. माणूस काढायचा असेल तर दोघांचं एकमत लागतं. मेसेज मात्र एकट्याने काढला तरी चालतो. मेसेज काढण्यात चूक झाली तर तो परत टाकता येतो, माणसाच्या बाबतीत ते एवढं सोपं नसतं.

टप्पा 3: नियम पाच, तेही साध्या भाषेत

आमचे असे आहेत:

1. तारीख आणि ठिकाण नसलेली बातमी टाकू नये.
2. जात, धर्म, पक्ष यांवर काही नको.
3. औषधाचं प्रमाण सांगताना किती पाण्याला ते लिहावं.
4. कुणावर पैशाचा आरोप करायचा तर स्वतःचा अनुभव, स्वतःच्या नावाने.
5. लिंक किंवा फाइल टाकण्याआधी अॅडमिनला विचारावं.

"सभ्य भाषा वापरावी" असा नियम मुद्दाम ठेवलेला नाही. सभ्य कशाला म्हणायचं यावरच दोन दिवस वाद होतो, शिवाय आमच्याकडची रोजची बोली बाहेरच्याला शिवीसारखी वाटते. आईबहिणीवरून शिवी आली तर ती काढायला नियम लागत नाही.

नियम लागू करण्याआधी ते आठ दिवस ग्रुपवर ठेवा. हरकती येतात, येऊ द्या. तिसरा नियम आम्हाला एका सदस्यानेच सुचवला.

सावध: नियम जाहीर करायच्या आधीच्या मेसेजबद्दल कुणालाही बोलायचं नाही. तिथे पाटी कोरी.

टप्पा 4: सेटिंग आधी करून ठेवा

हे दहा मिनिटांचं काम आहे आणि यामुळे पुढची निम्मी भांडणं होतच नाहीत. नवीन सदस्याला अॅडमिनची मंजुरी लागेल असं करा. ग्रुपचं नाव, फोटो, वर्णन बदलायचा अधिकार फक्त अॅडमिनकडे ठेवा. ग्रुपची लिंक कुठे चिकटवलेली असेल तर ती रद्द करून नवीन घ्या.

पूर्वी ग्रुपला 256 जणांची मर्यादा होती, तेव्हा प्रत्येकाचा चेहरा डोळ्यासमोर यायचा. 2022 मध्ये मर्यादा 1024 झाली आणि सगळ्यांचे ग्रुप फुगले. आमच्याही ग्रुपवर अनोळखी नंबर आले, त्यातले दोन तर चक्क कर्ज देणाऱ्या अॅपचे होते. आता आत घेताना तीन गोष्टी विचारतो: नाव, गाव, कुणाच्या ओळखीने. उत्तर आलं नाही तर मंजुरी नाही.

टप्पा 5: मेसेज आला, तो कुठल्या ढिगात जातो ते ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. अॅडमिन सगळ्या मेसेजना एकाच मापाने मोजतो. एक तर सगळ्यावर कात्री, नाहीतर सगळं मोकळं. मी चार ढीग करतो, आणि कडकपणा प्रत्येक ढिगाला वेगळा.

*पहिला ढीग: तत्काळ काढायचे.* मुलं पळवणारी टोळी, धर्मावरून चिथावणी, मारामारीची हाक, कुणाचे खासगी फोटो, आणि एपीके फाइल (फोनवर अॅप बसवणारी फाइल). इथे विचार करत बसायचं नाही, आधी काढायचं. सप्टेंबर 2022 मध्ये आपल्याच जत तालुक्यातल्या लवंग्यात चार साधूंना मुलं पळवणारे समजून लोकांनी मारहाण केली. त्याआधी 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेतून पाच जणांचा जीव गेला. सप्टेंबर 2023 मध्ये शेजारच्या सातारा जिल्ह्यात पुसेसावळीला सोशल मीडियावरच्या पोस्टवरून दंगल होऊन एक जण मेला. असा मेसेज दहा मिनिटं जरी ग्रुपवर राहिला, तरी तेवढ्यात तो चार गावांत पोचलेला असतो.

एपीके फाइलचं वेगळं सांगतो. "लग्नपत्रिका", "पीएम किसान यादी", "आरटीओ चलन" अशा नावांनी ती येते. उघडून इन्स्टॉल केली की फोनचा ताबा जातो, ओटीपी वाचले जातात, खातं रिकामं होतं. ज्याच्या नंबरवरून ती आली त्याने बहुधा टाकलेलीच नसते, त्याचा फोन आधीच गेलेला असतो. म्हणून इथे क्रम उलटा: फाइल काढा, तो नंबर लगेच ग्रुपमधून काढा, मग त्याला साधा फोन करा, व्हॉट्सअॅप कॉल नको. पैसे गेले असतील तर त्याला लगेच 1930 वर तक्रार करायला सांगा. फोन साफ झाला की परत घ्या. आणि ग्रुपवर स्पष्ट लिहा की यात त्यांची चूक नव्हती.

*दुसरा ढीग: अर्धवट, पण कामाचे.* हे काढू नका, पूर्ण करून घ्या. उदाहरण देतो. फळछाटणीनंतर ढगाळ हवा आली, की डाऊनीच्या (द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाच्या) भीतीने ग्रुपवर फवारणीचे मेसेज सुरू होतात. एकाने लिहिलं, "अमुक बुरशीनाशक 400 मिली घ्या, रिझल्ट एक नंबर." किती पाण्याला? त्याच्या डोक्यात 200 लिटरचं बॅरल होतं. वाचणाऱ्यांपैकी एकाने ते 100 लिटरचं प्रमाण समजून ब्लोअरची टाकी भरायला घेतली होती, म्हणजे डोस सरळ दुप्पट. त्याच्या बायकोने डब्यावरचं लेबल वाचलं आणि त्याला थांबवलं.

अशा मेसेजखाली आम्ही तीन प्रश्न टाकतो: किती पाण्याला, बागेची अवस्था कोणती, काढणीला किती दिवस आहेत? तिसरा प्रश्न निर्यातीच्या मालासाठी फार महत्त्वाचा. काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची, ते पाळलं नाही तर रेसिड्यू, म्हणजे मालात उरलेला औषधाचा अंश, निघतो आणि कंटेनर अडकतो. उत्तरं आली की मेसेज उपयोगी. संध्याकाळपर्यंत आली नाहीत तर काढायचा, आणि "प्रमाण अपूर्ण होतं म्हणून काढला" असं लिहायचं.

*तिसरा ढीग: आरोप.* द्राक्षाचा हंगाम संपत आला की "अमका व्यापारी पैसे बुडवून पळाला" असे मेसेज येतात. अॅडमिन घाबरतो आणि काढून टाकतो. मला हे चूक वाटतं. ज्याचा वर्षाचा माल गेला त्याने बोलायचं कुठे? पण ऐकीव आरोप ठेवणंही तितकंच चूक. नियम 4 इथे कामाला येतो. "अमका चोर आहे" हे काढायचं. "माझा माल अमुक तारखेला तोडला, वजनाची चिठ्ठी माझ्याकडे आहे, ठरलेल्या दिवशी पैसे आले नाहीत, चेक परत आला" हे ठेवायचं. तो व्यापारी ग्रुपवर असेल तर त्याचं उत्तरही ठेवायचं. आणि तक्रारदाराला सांगायचं, सौदापावती, वजनचिठ्ठी, चेक घेऊन पोलिसांत जा, ग्रुपवर लिहून पैसे येत नाहीत.

*चौथा ढीग: हात लावायचा नाही.* मतभेद, तक्रार, अॅडमिनवरची टीका. ऊस गेल्यावर 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, मिळायला पाहिजे, असं ऊस नियंत्रण आदेशातच आहे. ती मिळाली नाही असं कुणी लिहिलं तर ते राजकारण होत नाही, तो त्याचा हक्क आहे. कारखान्याचा संचालक तुमच्या ओळखीचा असला म्हणून तो मेसेज काढलात, तर त्या दिवसापासून ग्रुप तुमचा राहिला नाही असं समजा. लोक लिहायचं बंद करतात आणि दुसरा ग्रुप काढतात.

तपासणी: काढायला निघालेला मेसेज तुमच्या विरोधकाऐवजी तुमच्या चुलत भावाने टाकला असता, तरी काढला असता का? "नाही" असं उत्तर आलं तर फोन खाली ठेवा आणि दुसऱ्या अॅडमिनला बघू द्या.

टप्पा 6: कारवाईचा क्रम

पहिल्या ढिगातल्या मेसेजसाठी क्रम असा: स्क्रीनशॉट, डिलीट, फोन, मग ग्रुपवर एक ओळ.

1. स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि वेळ दिसली पाहिजे. तो आपल्याकडेच ठेवायचा, दुसऱ्या ग्रुपवर दाखवायला टाकायचा नाही. एक अपवाद: लहान मुलांची अश्लील सामग्री असेल तर स्क्रीनशॉट काढू नका, साठवू नका, ती जवळ ठेवणंही गुन्हा आहे. सरळ पोलिसांना किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर कळवा.

2. मेसेज दाबून धरून सगळ्यांसाठी डिलीट करा. त्या जागी अॅडमिनने डिलीट केल्याचं नावासह दिसतं. म्हणजे लपून काही होत नाही, आणि म्हणूनच पुढची पायरी चुकवू नका.

3. पंधरा मिनिटांच्या आत त्या माणसाला फोन. ही पायरी लोक टाळतात, कारण समोरासमोर बोलायला जड जातं. मीही टाळायचो. एका वयस्क माणसाला मी सगळ्यांसमोर लिहिलं होतं, "काका, असले मेसेज टाकत जाऊ नका." त्यांची मुलं, सुना, जावई, सगळे ग्रुपवर. त्या रात्री त्या घरातले पाचही जण बाहेर पडले. पुढे दोन वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत. शब्द वावगा नव्हता, पण तो सहाशे माणसांसमोर गेला होता.

नंतर अशीच वेळ आली तेव्हा फोन केला. मुलं पळवणाऱ्यांची क्लिप गल्लीतल्या आबांनी टाकली होती.

"आबा, जेवलासा का?"

"जेवलो. का रं, माझा मेसेज का काढलास?"

"त्यासाठीच फोन केला. कुठनं आली ती क्लिप?"

"थोरल्या जावयानं धाडली. म्हटलं पोरंबाळं हाईत, लोकांनी सावध ऱ्हावं."

"आबा, त्यात गावाचं नाव हाय का?"

"न्हाई."

"तारीख?"

जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे काढलेला. जावयाला पण सांगतो."

एवढंच. पाच मिनिटं लागली. बहुतेक माणसं वाईट हेतूने टाकत नाहीत, काळजीने टाकतात. ती काळजी मान्य केली की पुढचं ऐकतात.

4. फोन झाल्यावर ग्रुपवर एक ओळ, नाव न घेता: "ठिकाण आणि तारीख नसलेली क्लिप काढली आहे. कृपया पुढे पाठवू नका." याखाली चर्चा सुरू झाली तरी अॅडमिनने उत्तर देत बसू नये.

सावध: "अॅडमिनवर केस होते" असं सांगून लोकांना घाबरवू नका, स्वतःही घाबरू नका. दुसऱ्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मेसेजसाठी, त्याच्याशी संगनमत किंवा समान हेतू असल्याशिवाय, केवळ अॅडमिन म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितलं आहे. मात्र तोच मेसेज तुम्ही स्वतः पुढे पाठवलात की तुम्ही पाठवणारे होता.

टप्पा 7: पुरात ग्रुप बंद कधी करायचा, कसा चालवायचा

एरवी मी मोकळेपणाच्या बाजूचा आहे. पुरात नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं, आणि आम्ही ग्रुप सगळ्यांसाठी उघडा ठेवला होता. इन्सुलिन हवं असल्याचा एका घरचा मेसेज रात्री आला आणि त्याच्यावर तीनशे मेसेज चढले: प्रार्थना, जुने व्हिडिओ, "कोयना फुटली" सुद्धा. मला तो सकाळी सहाला दिसला. शेजाऱ्यांनी सोय केली होती म्हणून निभावलं.

आता पद्धत ठरलेली आहे. आयर्विनला इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट. पाणी 40 ला पोचायच्या आत ग्रुपवर "फक्त अॅडमिन मेसेज पाठवतील" हे सेटिंग लावतो, आणि मदतीच्या मागण्यांसाठी वेगळा ग्रुप उघडतो. त्यात फक्त पाच गोष्टी: नाव, ठिकाण, माणसं किती, काय हवं, फोन नंबर. मदत पोचली की त्या मेसेजखाली "पोचली" लिहायचं.

ग्रुप बंद केला की अॅडमिनची जबाबदारी वाढते, हे लोक विसरतात. बंद ग्रुपवर चार तास काहीच आलं नाही, तर अफवा दुसरीकडून येतेच. दर दोन तासांनी सूचना टाकायची, बदल नसला तरी "बदल नाही" असं वेळेसकट लिहायचं. सूचनेत पातळी फूट-इंचात, ठिकाण, तारीख, वेळ, आणि माहिती कुठून आली ते पाहिजे.

सदस्यांकडून आलेली बातमी वापरायची तर आधी तपासा. कोयनेला सहा वक्र दरवाजे आहेत. मेसेजमध्ये "बारा दरवाजे उघडले" असेल किंवा फोटोत दहा-बारा दरवाजे दिसत असतील, तर ते धरण वेगळंच आहे. "कोयनेतून विसर्ग सुरू" एवढंच असेल तर किती ते विचारा. फक्त पायथा वीजगृहातून 2100 क्युसेक सोडणं वेगळं आणि दरवाजे उचलून हजारो क्युसेक सोडणं वेगळं. कोयनेची क्षमता 105.25 टीएमसी आहे, त्यापेक्षा जास्त साठा कुणी लिहिला असेल तर मेसेज बनावट. पावसाळ्यात 2019 चे व्हिडिओ नवे म्हणून फिरतातच, तेव्हा ज्याने टाकला त्याला एकच विचारा, "तुम्ही स्वतः आत्ता तिथे उभे आहात का?"

तपासणी: पाणी ओसरल्यावर ग्रुप परत उघडायची वेळ आधीच जाहीर केली आहे का? पूर गेल्यावरही महिनाभर कुलूप तसंच ठेवणारे अॅडमिन मी पाहिलेत. शांतता आवडायला लागते. उघडा.

टप्पा 8: निवडणुकीचे दिवस

फार लिहीत नाही. ग्रामपंचायत असो की विधानसभा, आचारसंहिता लागल्यापासून निकालाच्या दुसऱ्या दिवसापर्यंत प्रचार बंद, हे पहिल्याच दिवशी लिहा. अॅडमिन स्वतः उभा असेल किंवा त्याच्या घरातलं कुणी उभं असेल, तर तेवढ्या काळासाठी त्याने अॅडमिनपद दुसऱ्याला द्यावं.

टप्पा 9: माणूस काढणं आणि परत घेणं

पहिल्या वेळी फोन. दुसऱ्या वेळी खासगीत लिहून: तारीख, मेसेज, मोडलेला नियम. तिसऱ्या वेळी दोन अॅडमिनच्या संमतीने पंधरा दिवस बाहेर. कायमचं काढणं आम्ही तीनच बाबतींत ठेवलं आहे: फसवणूक, बाईमाणसाला त्रास देणं, आणि सांगूनही दंगा भडकवणारं टाकत राहणं. बाईमाणसाला खासगीत नको ते मेसेज पाठवल्याची तक्रार आली तर तीन संधी द्यायच्या नाहीत. तक्रार खरी दिसली की त्याच दिवशी काढायचं, तिचं नाव कुठेही न घेता, आणि पोलिसांत जायचं असेल तर सोबत जायचं.

काढण्याआधी त्याला सांगा: का, किती दिवस, परत कधी. न सांगता काढलेला माणूस दुसऱ्या दिवशी स्वतःचा ग्रुप काढतो आणि तुमचे शंभर जण तिकडे नेतो. या सगळ्याची एक वही ठेवा. तारीख, कारण, कोणत्या दोघांनी ठरवलं. सहा महिन्यांनी "मलाच का, त्याला का नाही" असं कुणी विचारलं की वही उघडून दाखवता येते.

बाहेर असलेल्या माणसाचं पिकाचं नुकसान होऊ देऊ नका. फवारणीची किंवा पुराची महत्त्वाची सूचना मी त्याला वेगळी पाठवतो. पंधरा दिवस झाले की तो विचारायची वाट न बघता परत घ्यायचं. स्वागत नको, "आता नीट वागा" नको. गेल्या हंगामात असाच एक जण परत आला, दोन दिवस गप्प होता, तिसऱ्या दिवशी त्याने पानाचा फोटो टाकला, मागच्या बाजूला पांढरट लव दिसत होती. मी खाली लिहिलं, "दादा, डाऊनी वाटतेय. छाटणी कधीची?"